परळीचा सूर, चार तारांत

नवी कोरी बास गिटार खोक्यातून काढून पहिल्यांदा छेडली की फसवणूक झाल्यासारखं वाटतं. बोटाला वळ उठावा असा तारांचा ताण, चारेक किलोचं वजन, गळ्यात अडकवली की डावा हात पार लांब करावा लागतो इतकी मान; आणि एवढ्या सगळ्यातून आवाज येतो तो छताच्या पंख्याखालीही दबेल असा. अंबाजोगाईत आमच्या घरी आलेली बास दहा-पंधरा हजारांत मिळणारी, साधीच आहे. पण लाखाची आणली असती तरी वायर जोडण्याआधी तीही इतकीच मुकी असती.

तिचं मुकेपण कुठून येतं हे पाहायचं असेल तर गिटारीच्या मानेचं टोक लोखंडी कपाटाला टेकवावं आणि सगळ्यात जाड तार छेडावी. कपाट गायला लागतं! आतल्या हँगरांसकट. तार कितीही जोरात हलली तरी ती बारीक असते. हवा तिच्या दोन्ही बाजूंनी निसटून जाते, ढकलली जात नाही. हवा ढकलायला रुंद पृष्ठभाग लागतो, आणि तो कपाटाच्या पत्र्याने दिला.

आमच्या योगेश्वरी देवीच्या गावात हे कुणाला नव्याने सांगायला नको. गोंधळ्याचं तुणतुणं म्हणजे लाकडी नळकांडं, तळाला ताणलेलं कातडं, त्या कातड्यातून निघून वरच्या खुंटीला गेलेली एकच तार. तार कातड्याला हलवते, कातडं हवेला. वीज लागत नाही, आणि संबळाच्या दणक्यातही ते ऐकू येतं. बास गिटारीने ही सोय ठरवून नाकारली आहे. तारेतली शक्ती कातड्याला किंवा पातळ लाकडाला दिली की ती झपाट्याने खर्च होते, म्हणून तुणतुण्याचा टणत्कार लगेच विझतो. भरीव लाकूड तारेकडून फारसं काही घेत नाही. शक्ती तारेतच कोंडून राहते आणि एकदा छेडलेला स्वर कितीतरी सेकंद टिकतो. फक्त तो कुणाला ऐकू येत नाही, एवढीच अडचण.

ती अडचण कशी सुटली हे सांगण्याआधी तारेकडे पाहू, कारण खर्ज फुकट मिळत नाही. बासची सर्वांत खालची तार सेकंदाला ४१ वेळा थरथरते, साध्या गिटारीची खालची तार ८२ वेळा. स्वर निम्म्यावर आणायचा तर तीन वाटा आहेत. तार दुप्पट लांब करा. ताण चौथ्या हिश्शावर आणा. नाहीतर तेवढ्याच लांबीच्या तारेचं वजन चौपट करा. दुप्पट लांब केली तर १ मीटर ३० सेंटिमीटरची तार होईल, आणि तिच्यावर बोटं पोचवायला माडाच्या झाडाएवढे हात हवेत. ताण चौथाई केला तर तार लोंबेल. म्हणून बासने थोडी लांबी घेतली, गिटारीच्या ६४८ मिलिमीटरऐवजी ८६४, आणि बाकीची उणीव वजनाने भरली. तरी चार तारा मिळून मानेला ऐंशी किलोच्या आसपास ओढत असतात, आणि ती वाकू नये म्हणून तिच्या पोटात एक पोलादी सळई बसवलेली असते.

वजन वाढवण्यातही मेख आहे. अडीच मिलिमीटरची अखंड पोलादी तार ताणली तर ती तारेसारखी वागायची सोडून सळईसारखी वागते. ताठपणामुळे तिचे वरचे उपस्वर बिघडतात आणि आवाज बेसूर, घंटेसारखा लागतो. यावरचा तोडगा सतराव्या शतकात युरोपात निघाला: आत लवचीक गाभा ठेवायचा आणि त्यावर दुसरी तार गुंडाळायची. गुंडाळलेली तार वजन देते पण ताठपणा फारसा वाढवत नाही. नखाने घासलं की जो खरखर आवाज येतो तो या वेढ्यांचा. आजच्या स्वस्तातल्या स्वस्त बासच्या तारेतही हीच साडेतीनशे वर्षांची युक्ती आहे.

आता तो न ऐकू येणारा स्वर. तारांखाली काळ्या पट्ट्या दिसतात, त्या पिकअप. आत लोहचुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. जिल्ह्यात शेतातल्या पंपांच्या मोटारी रिवाइंड करणारा कुठलाही कारागीर हे उघडून पाहील तर त्याला परकं काही वाटणार नाही, फक्त तार फार नाजूक म्हणेल. चुंबकामुळे वरची पोलादी तार स्वतःच थोडी चुंबकीय होते. ती थरथरली की वेढ्यांमधलं चुंबकीय क्षेत्र तिच्याबरोबर कमीजास्त होतं, आणि बदलत्या चुंबकीय क्षेत्रातल्या कॉइलमध्ये वीज उत्पन्न होते. मायकेल फॅरडेने १८३१ मध्ये हे दाखवलं. अंबाजोगाईहून थोड्याच अंतरावर परळीच्या औष्णिक केंद्रात कोळसा जाळून, वाफेने टर्बाइन फिरवून जे चालतं ते हेच. तिथे चुंबक फिरतो, इथे तार हलते. बास गिटार हे एक वीजनिर्मिती केंद्र आहे; क्षमता इतकी कमी की तिने एक बारका दिवाही लागणार नाही, पण आवाज वाढवणाऱ्या अ‍ॅम्पला तेवढी वीज पुरते.

बास आणि परळीचं नातं इथेच संपेल असं मला वाटलं होतं. पण या बासला दोन पिकअप आहेत आणि दोघांचे आवाज कमीजास्त करायला दोन नॉब. त्यातला एक पूर्ण बंद केला की अ‍ॅम्पमधून गुणगुण सुरू होते. घरातल्या भिंतींतून धावणारी वीज सेकंदाला ५० वेळा दिशा उलटसुलट करते, तिचं क्षेत्र खोलीभर पसरलेलं असतं, आणि एकटी कॉइल ते तारेच्या सुरासारखंच इमानाने टिपते. तो नॉब पुन्हा पूर्ण उघडला की गुणगुण गायब! दुसऱ्या पिकअपमधले वेढे उलट्या दिशेने दिलेले असतात, त्यामुळे दोघांनी टिपलेली गुणगुण परस्परांना खोडते. चुंबकही उलटा बसवलेला असल्याने तारेचा सूर मात्र दोनदा उलटून सरळ होतो, आणि दोघांचा मिळून वाढतो. इतकी देखणी वजाबाकी मी शाळेत पाहिली नव्हती.

गुणगुण चालू ठेवून, कानाला हेडफोन लावून, जाड तारेवर, मानेवरच्या तिसऱ्या धातूच्या पट्टीशी बोट ठेवा आणि ती छेडा. हा जी स्वर, सेकंदाला ४९ कंपनांचा. विजेचा सूर ५०. दोन्ही एकत्र आले की आवाज सेकंदाला साधारण एकदा फुगतो आणि ओसरतो. तंबोरा जुळवताना दोन तारा जवळ येतात तेव्हा जी लहर ऐकू येते, तीच. परळीचा टर्बाइन मिनिटाला ३००० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ५०. तो जीच्या किंचित वर लागलेला आहे आणि तुम्ही त्याच्याशी तुमची तार जुळवून पाहत असता.

बरं, टर्बाइन बंद पडला तर? २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी परळीचं केंद्र बंद ठेवावं लागलं होतं. सूर तेव्हाही थांबला नाही, कारण देशातली केंद्रं एकमेकांना बांधलेली आहेत. त्याच वर्षी ३१ डिसेंबरला रायचूर-सोलापूर वाहिनीने दक्षिणेचं जाळं उर्वरित देशाच्या जाळ्याला जोडलं गेलं, आणि त्या दिवसापासून या जाळ्यातले सगळे टर्बाइन एका लयीत आहेत. भार वाढला की सूर तसूभर उतरतो, कमी झाला की चढतो. केवढा मोठा हा तंबोरा! (एक सूचना: अ‍ॅम्पच्या तिसऱ्या पिनेला खरं अर्थिंग आहे ना, हे वायरमनकडून तपासून घ्या. आपल्याकडे पुष्कळदा ती पीन नुसती शोभेची असते.)

बास गिटार रूढ केली ती वादकाने नव्हे, रेडिओ दुरुस्त करणाऱ्याने. सिएटलच्या पॉल टुटमार्कने १९३० च्या दशकात विजेवर चालणारी बास बनवली होती, पण ती फार चालली नाही. कॅलिफोर्नियात रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या लिओ फेंडरने १९५१ मध्ये आपली बास आणली, आणि माणसाएवढ्या उभ्या डबल बासची जागा तिने बघता बघता घेतली. फेंडरला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. आपल्याकडे हा खर्ज घरोघरी पोचला तो सिनेमातून. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात बास वाजवणारे टोनी वाझ हे नाव गाणी ऐकणाऱ्यांपैकी कितीजणांना ठाऊक असेल?

स्वस्त वाद्याच्या खोडी आहेतच. तारा मानेपासून जरा जास्तच उंच होत्या, खुंट्या सैल. आमच्या कोरड्या हवेत लाकूड आक्रसतं आणि पट्ट्यांची धातूची टोकं कडेने बोचायला लागतात; कानस फिरवली की भागतं. चुंबक, तांबं आणि फॅरडेचा नियम मात्र महागड्या बासमध्येही हेच आहेत.

खोलीचंही या वाद्यात अंग आहे. सर्वांत खालच्या स्वराची एक लाट मे महिन्यात, ४० अंशांच्या हवेत, ८.६ मीटर लांब असते. पौषातल्या थंड पहाटे ८.२. उष्ण हवेत आवाज वेगाने जातो म्हणून. आमची खोली दहा बाय बाराची, लाट तिच्यात मावतच नाही. पण उन्हाळ्यात तिसऱ्या पट्टीच्या त्याच जीची निम्मी लाट बारा फुटांत बरोबर बसते. भिंतीला पाठ लावली की तो स्वर छातीत घुमतो आणि खोलीच्या मधोमध गेलं की विरतो.

पुण्याच्या भाचीला रेकॉर्डिंग पाठवलं. तिने मोबाइलवर ऐकून लगेच फोन केला, "मामा, ती खालची तार काय भारी लागलीय!" मी तिला म्हटलं, तुझ्या मोबाइलचा स्पीकर ४१ कंपनांचा आवाज काढूच शकत नाही.

"मग मला ऐकू काय आलं?"

तार छेडली की एकटे ४१ उमटत नाहीत. सोबत ८२, १२३, १६४, २०५ असे उपस्वरही उमटतात. स्पीकरने खालचे गाळून वरचे तेवढे पोचवले. मेंदूने पाहिलं की प्रत्येक पायरीत अंतर ४१ चं आहे, तेव्हा तळाशी ४१ असणारच, आणि तो त्याने स्वतः भरून टाकला.