रंगभूमीवरून मूकपटात : दुर्गाबाई कामत आणि कमलाबाई गोखले

बीजसंज्ञा : मूकपट, संगीत नाटक, स्त्रीपार्ट, नाटक मंडळी, दादासाहेब फाळके

प्रस्तावना

‘भारतीय चित्रपटातील पहिली स्त्री-कलावंत कोण?’ या प्रश्नाचे उत्तर स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शक पुस्तकांत एका नावात दिलेले असते. कोणी दुर्गाबाई कामत यांचे नाव देतो, कोणी त्यांच्या कन्या कमलाबाई गोखले यांचे. वस्तुतः दादासाहेब फाळके यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’ या मूकपटात आईने पार्वतीची आणि मुलीने मोहिनीची भूमिका एकाच वेळी केली. पहिलेपणाचा हा वाद फारसा महत्त्वाचा नाही. या दोघी रंगभूमीवरून पडद्यावर आल्या आणि पुन्हा रंगभूमीकडेच गेल्या, ही गोष्ट मात्र ‘पहिली नायिका’ या बिरुदाखाली झाकली जाते. नाटक मंडळीच्या संदर्भात या घटनेचा अर्थ कसा लागतो, हे पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

नाटक मंडळीचा आश्रय

दुर्गाबाईंचा विवाह जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये अध्यापक असलेल्या आनंद नानोसकर यांच्याशी झाला होता. १९०३ च्या सुमारास पती-पत्नी विभक्त झाले. पदरात तीन वर्षांची मुलगी आणि समोर उपजीविकेचा प्रश्न, अशी दुर्गाबाईंची स्थिती होती. त्या काळी पतीपासून वेगळ्या झालेल्या पांढरपेशा स्त्रीपुढे मार्ग थोडेच होते आणि त्यांतील एकही प्रतिष्ठेचा नव्हता. दुर्गाबाईंनी नाटकाचा मार्ग पत्करला. ज्ञातीने त्यांना दूर लोटले, हे ओघानेच आले.

हा निर्णय किती धाडसाचा होता, हे तत्कालीन रंगभूमीचे स्वरूप ध्यानात घेतल्यावाचून कळत नाही. मराठी संगीत नाटकाचा तो भरभराटीचा काळ होता, परंतु प्रतिष्ठित मंडळ्यांत स्त्रीभूमिका पुरुषच करीत. १९१३ साली किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडून बालगंधर्वांनी गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली आणि स्त्रीपार्टाची कला वैभवाच्या शिखरावर पोहोचली. रंगमंचावरील स्त्रीसौंदर्याचा आदर्श पुरुष नटाने घडविला होता आणि कुलीन स्त्रिया त्याचे अनुकरण करीत होत्या. अशा वातावरणात प्रत्यक्ष स्त्रीने रंगमंचावर येणे हे कलेच्या दृष्टीने अनावश्यक आणि नीतीच्या दृष्टीने संशयास्पद मानले जाई.

फिरत्या मंडळीत कमलाबाई लहानपणीच रंगमंचावर आल्या. शाळा त्यांच्या वाट्याला आली नाही. पाठांतर, गायन, हावभाव आणि गावोगावचे मुक्काम हेच त्यांचे शिक्षण ठरले. नाटक मंडळी म्हणजे नोकरी, घर आणि पाठशाळा या तिन्हींचे मिश्रण होते. पुढील घटनाक्रम समजण्यासाठी हा मुद्दा लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

फाळक्यांची अडचण

३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला. त्यातील नटसंचातही रंगभूमीवरील मंडळी होती. हरिश्चंद्र झालेले दत्तात्रय दामोदर दाबके हे त्यांपैकी प्रमुख. तारामतीसाठी मात्र फाळक्यांना स्त्री मिळाली नाही. समाजाने बहिष्कृत मानलेल्या वस्त्यांतही त्यांनी चौकशी केली आणि अखेर ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. नाटकापेक्षाही सिनेमाचा धंदा हलका समजला जात होता. आपण हरिश्चंद्राच्या कारखान्यात कामाला आहोत असे सांगावे, अशी सूचना फाळक्यांनी आपल्या माणसांना दिली होती, ही आठवण प्रसिद्धच आहे.

त्यानंतर फाळक्यांनी आपले बिऱ्हाड नाशिकला हलविले. रघुनाथराव गोखले यांच्या चित्ताकर्षक नाटक मंडळीतील दुर्गाबाई आणि कमलाबाई त्यांना तेथेच मिळाल्या. मालकाच्या संमतीने दोघी कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या. येथे ‘मालकाची संमती’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. नटी स्वतंत्रपणे करार करीत नव्हती. तिचे श्रम मंडळीचे होते आणि ते काही काळ फाळक्यांकडे वळविले गेले होते.

मोहिनीची भूमिका

ज्याच्या मस्तकी हात ठेवीन तो भस्म होईल, असा वर भस्मासुराला मिळतो. विष्णू मोहिनीचे रूप घेऊन नृत्य करतो, भस्मासुर तिच्या प्रत्येक हालचालीचे अनुकरण करतो आणि अखेर स्वतःच्याच मस्तकी हात ठेवतो. या कथेची निवड मूकपटासाठी विलक्षण समर्पक होती. हरिश्चंद्राच्या कथेत वचन हे केंद्र आहे आणि वचन बोलावे लागते. मूकपटात ते पाट्यांवर लिहून दाखवावे लागे. मोहिनीच्या कथेचा उत्कर्षबिंदू हातांच्या हालचालीत आहे. तेथे शब्दाची गरजच पडत नाही.

यात एक गंमत आहे. पुरुषाने स्त्रीरूप घेणे हाच या कथेचा गाभा होय. स्त्रीपार्ट करणाऱ्या नटासाठी याहून रास्त भूमिका शोधूनही सापडली नसती. नेमक्या याच भूमिकेत पडद्यावर प्रथम मुलगी आली, तीही अवघ्या तेरा वर्षांची. नैतिक सुधारणेच्या हेतूने फाळक्यांनी तिला घेतले असे मानण्यास आधार दिसत नाही. दुःखी तारामती साळुंके निभावून नेऊ शकत होते. संपूर्ण चित्रपट ज्या मोहकतेवर उभा आहे ती भूमिका स्थिर कॅमेऱ्यासमोर भर सूर्यप्रकाशात करणे वेगळे होते. रंगमंचावरील दिव्यांचा उजेड आणि प्रेक्षकांपासूनचे अंतर स्त्रीपार्टाच्या मदतीला येत असे. कॅमेरा ती सवलत देत नव्हता.

अभिनेत्रींच्या बाजूने पाहता मूकपटाने बरेच काही काढूनही घेतले. संगीत नाटकातील नटीचे भांडवल म्हणजे गळा. पद रंगले की ‘वन्स मोअर’ मिळे आणि त्यावरच नावलौकिक ठरे. कॅमेऱ्यापुढे ना पद होते ना दाद. तत्कालीन फिल्म लाल रंगास प्रतिसाद देत नसल्याने कुंकू आणि ओठांवरील लाली काळी उमटे, त्यामुळे रंगभूषेचे रंगमंचावरील हिशेबही येथे चालत नव्हते. लहानपणापासून अंगवळणी पडलेली देहबोली तेवढी उपयोगी पडली. दुर्गाबाईंची पार्वती ही आजच्या परिभाषेत चरित्रभूमिका. तिच्याकडे अभ्यासकांचे लक्ष क्वचितच गेले आहे, कारण सर्व चर्चा नायिकेभोवती फिरते.

३,२४५ फूट लांबीचा हा चित्रपट ‘पिठाचे पंजे’ या विनोदी लघुपटासह जानेवारी १९१४ मध्ये कॉरोनेशनमध्ये दाखविण्यात आला.

पुन्हा रंगमंच

या प्रयोगाने फाळक्यांचीही पद्धत बदलली नाही. ‘लंकादहन’ (१९१७) मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका साळुंके यांनीच केल्या. ‘कालिया मर्दन’ (१९१९) मध्ये फाळक्यांची कन्या मंदाकिनी बाळकृष्ण झाली. १९२० साली बाबूराव पेंटर यांनी कोल्हापुरात ‘सैरंध्री’ काढला तेव्हा गुलाबबाई आणि अनसूयाबाई यांना कमलादेवी आणि सुशीलादेवी या नावांनी पडद्यावर यावे लागले. स्त्रियांचा मूकपटातील प्रवेश सलग झाला नाही. प्रत्येक वेळी तो नव्याने करावा लागला.

कमलाबाई मंडळीत परतल्या आणि पुढे रघुनाथराव गोखले यांच्याशीच त्यांचा विवाह झाला. पतीसमवेत त्यांनी नायिकेच्या भूमिका केल्या. तरुणपणीच वैधव्य आले, तीन मुलांची जबाबदारी अंगावर पडली आणि आईप्रमाणेच त्यांनाही रंगभूमीनेच पोसले. स्त्रियांच्या नाटक मंडळीत त्यांनी पुरुषभूमिकाही केल्या. ज्या रंगभूमीवर पुरुष स्त्रिया होत होते तेथेच एक विधवा माता पुरुषवेषात उभी राहून संसार चालवीत होती, याची नोंद नाट्येतिहासाने अधिक ठळकपणे घ्यावयास हवी होती. आवाजाला पुन्हा मोल आल्यावर, म्हणजे १९३० नंतरच्या बोलपटांत, त्या चित्रपटाकडे वळल्या आणि वयानुसार चरित्रभूमिका करू लागल्या. १९८० च्या ‘गहराई’ या हिंदी चित्रपटापर्यंत हा क्रम चालला. त्यांचे पुत्र लालजी आणि सूर्यकांत तबलावादनात, तर चंद्रकांत गोखले अभिनयात नावारूपास आले; विक्रम गोखले हे त्यांचे नातू.

रीना मोहन यांनी १९९१ साली ‘कमलाबाई’ हा माहितीपट केला. त्यात नव्वदीच्या घरातील कमलाबाई आपल्या आयुष्याविषयी बोलतात आणि जुन्या भूमिकांतील संवाद म्हणून दाखवितात. मूकपटाने न टिपलेला त्यांचा आवाज अशा रीतीने उतारवयात का होईना ध्वनिमुद्रित झाला. दुर्गाबाईंची पार्वती आणि तेरा वर्षांच्या कमलाबाईंची मोहिनी मात्र आज पाहावयास मिळत नाही. दुर्गाबाईंविषयी जी थोडीफार माहिती आहे, तीही बहुतांशी मुलीच्या आठवणींतूनच आलेली आहे.