घनफुटाच्या भावातला पलंग

पुतणीच्या आंदणाची यादी करायला बसलो तेव्हा चैत्र लागला होता आणि घरात कूलरही सुरू झाला होता. आलमारी, ड्रेसिंग टेबल, कूलर, मिक्सर असं लिहीत लिहीत यादी पलंगावर आली. मी म्हटलं, तो कशाला विकत घ्यायचा? मागच्या खोलीत आजीचा सागवानी पलंग पडून आहे. मिस्त्रीला दाखवू, पॉलिश करून देऊ. कोणी काही बोललं नाही. मग वहिनी म्हणाल्या, "जुनं देलं म्हणतीन ना, भाऊजी."

विषय तिथंच मिटला. जुनं घ्यावं की नवं, हा पुण्या-मुंबईत आवडीचा प्रश्न असेल. आमच्या मोर्शीत तो चार लोकांच्या तोंडाचा आहे. आंदण मांडवात मांडतात, व्याह्यांकडची मंडळी त्यावरून हात फिरवतात, दारं उघडून पाहतात. गंमत म्हणजे आजीचा पलंगही आंदणातलाच. बैलबंडीवर लादून तो या घरी आला, तेव्हा तोही कोराच होता.

आंदणात जात नाही म्हटल्यावर थोरल्या भावाने कबाड्याला बोलावलं. जुने वाडे पाडायचे ठेके घेणारा माणूस, खिशात टेप. पाये मोजले, आडवे दांडे मोजले, पाटीवरची वेलबुट्टी बोटाने चाचपली आणि तेवढा भाग हिशोबातून वजा केला. मी कारण विचारलं. म्हणाला, नक्षीवर रंधा मारला की अर्धं लाकूड भुशात जातं. ज्या कारागिराने आठ-पंधरा दिवस बसून ती पानं कोरली असतील, त्याचं काम याच्या वहीत तूट म्हणून लिहिलं गेलं.

त्याचंही चूक नाही. आमच्याकडे जुन्या वस्तूला वस्तू म्हणून गिऱ्हाईक नाही, भाव आहे तो लाकडाला, तोही घनफुटावर. वाड्याचा सहा इंची चौकोनी, नऊ फुटी खांब म्हणजे सव्वादोन घनफूट. वाळलेला साग घनफुटाला साधारण अठरा किलो भरतो, म्हणजे खांब चाळीस किलोचा. तो आऱ्यावर चढतो आणि कुणाच्या तरी नव्या बंगल्याची चौकट होतो. तमिळनाडूत कारैकुडीला पाडलेल्या चेट्टियार वाड्यांची दारं, खांब, कपाटं जशीच्या तशी विकणारी दुकानांची अख्खी गल्ली आहे; मुंबईत ओशिवऱ्याचा बाजार आहे. वऱ्हाडातला खांब मात्र खांब म्हणून क्वचितच वाचतो.

जुन्या सागाला एवढी मागणी का, ते समजायला चांदूर बाजारावरून परतवाड्याला जावं लागतं. मेळघाटच्या पायथ्याचं हे गाव म्हणजे वऱ्हाडाचा लाकूडबाजार. आमच्या भागातल्या वाड्यांच्या तुळया, बंगईच्या पाट्या, पलंगाचे पाये, यातलं बरंचसं लाकूड तिकडचं. १९७४ साली मेळघाट व्याघ्रप्रकल्प झाला. १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मंजूर कार्य आयोजनेशिवाय जंगलतोड करायला देशभर मनाई केली आणि मार्च १९९७ मध्ये महाराष्ट्र व उत्तर प्रदेशातल्या विनापरवाना आरागिरण्या तात्काळ बंद करायला सांगितल्या. जंगलासाठी ते हवंच होतं. १ एप्रिल २०१४ पासून म्यानमारनेही गोल लाकडाची निर्यात थांबवली. आता दुकानात 'सागवान' म्हणून मिळतो त्यात आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतल्या लागवडींचा मोठा वाटा आहे. तोही सागच, पण लवकर तोडलेल्या झाडात गाभा कमी आणि बाहेरची पांढरी जास्त. उधई तोंड लावते ती आधी पांढरीला. अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये चंद्रपूरकडचा साग वाजतगाजत गेला, यावरून पिकल्या सागाची किंमत समजावी.

आंदणाचा पलंग शेवटी दुकानातूनच आला, हप्त्यांवर. दुकानदार म्हणाला, "वजन पाहा सर, दोघांना उचलत नाही." इथंच आपण फसतो. लाकडाचा भुसा आणि चिपट्या युरिया-फॉर्मल्डिहाइडच्या डिंकात कालवून, गरम दाबाखाली बसवल्या की पार्टिकल बोर्ड होतो. तो सागाइतकाच, कधी जास्तही जड असतो. वजनावरून भरीवपणा ताडायची आपली जुनी सवय इथं कामाची नाही. नव्या फर्निचरचा डोळ्यांना झोंबणारा वास त्या डिंकाचा. २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने फॉर्मल्डिहाइडला माणसात कर्करोग करणाऱ्या द्रव्यांच्या पहिल्या गटात टाकलं. बोर्डातून ते किती सुटेल हे बोर्डाच्या प्रतीवर असतं, आणि उष्मा व दमट हवा दोन्ही मिळाल्या की जास्त सुटतं. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो आणि खिडकीतला कूलर रात्रभर ओली हवा फेकतो. बोर्डासाठी याहून वाईट सासर नाही. आधी काठाची पट्टी सुटते, मग कोपरा पोळीसारखा फुगतो.

सगळंच नवं असं नसतं, हेही सांगायला हवं. प्लायवूड वेगळं, बोर्ड वेगळा. प्लायवर 'आयएस ३०३' आणि बीडब्ल्यूआर किंवा 'आयएस ७१०' असा शिक्का असेल तर ते ओल सोसतं. लोखंडी आलमारीला तर नाव ठेवायलाच नको. गोदरेजने १९२३ मध्ये पोलादी कपाटं काढली, तेव्हापासून अमरावतीच्या वर्कशॉपात ठोकलेलीही आमच्याकडे 'गोदरेज'च. जुन्यालाही खोडी आहेत. सांध्यात ढेकूण असतात, पायाखाली पिठासारखी भुकटी दिसली तर आत भुंगा आहे. ढेकणाला आजीचा उपाय वैशाखाच्या उन्हाचा: खाट अंगणात उभी करायची. पन्नास अंशांपुढे ढेकूण आणि त्याची अंडी दोन्ही मरतात, पण जाड सांध्याच्या पोटात ती धग पोचेलच असं नाही. म्हणून सांधे सोडवून ऊन दाखवायचं.

आजीचा पलंग कबाड्याला दिला नाही. त्याचे सांधे सोडवायला मिस्त्री आला तेव्हा मी प्रथमच तो नीट पाहिला. चार पाये, दोन पाट्या, दोन लांब दांडे. दांड्याच्या टोकाला कुसू, पायात भोक, वर सागाचीच पाचर. मिस्त्रीने लाकडी ठोकळा ठेवून दोन टोले दिले आणि दहा मिनिटांत पलंग भिंतीला टेकून उभा राहिला. स्वीडनमध्ये १९५६ साली गिलिस लुंडग्रेनला टेबल गाडीत मावेना, म्हणून त्याने त्याचे पाय काढले आणि त्यातून आयकियाचा सुट्या भागांचा धंदा उभा राहिला, असं सांगतात. आमचा पलंग बैलबंडीत मावावा म्हणून कुण्या सुताराने तेच केलं होतं. फरक इतकाच की याचे सांधे कितीदाही सोडवा.

"हे पन्नास खेपा खोला न् बसवा," मिस्त्री म्हणाला. "नव्याचं तसं नाई बाप्पा. एक डाव मिनीफिक्स काढला का भोक ढिलं. भुशात इस्क्रू कायले धरन?" त्याचं दुकान त्या भुशावरच चालतं, हे त्यानेच हसत सांगितलं. बिजागऱ्या उखडलेली दारं आठवड्याला दोन-तीन येतात. मोडका बोर्ड बंबात घालायचीही सोय नाही, धुराने डोळे चुरचुरतात. अमेरिकेत २०१८ साली सव्वा कोटी टनांच्या आसपास फर्निचर टाकून दिलं गेलं आणि त्यातलं ऐंशी टक्के जमिनीत पुरलं गेलं. आम्ही अजून पुरायला लागलो नाही, गच्चीवर रचून ठेवतो.

एका पायाला खालून दोन इंच जोड, भोकात नवी पाचर, चपड्याचं पॉलिश, असं तीन दिवसांचं काम झालं. मिस्त्रीचा मुलगा पुण्यात मॉड्युलर किचन बसवतो. पटाशी त्याच्या पेटीत नाही.

पुतणीही आता पुण्यातच आहे. दिवाळीआधी त्यांनी घर बदललं. हप्ते अजून संपायचे आहेत, पण पलंग खोलून पुन्हा बसवताना डोक्याकडची दोन भोकं फाटली आणि सध्या गादी फरशीवर आहे. परवा तिचा फोन आला. "काका, आजीच्या पलंगाची रुंदी मोजून सांगता का?"

मोजली. चार फूट दोन इंच. तिची गादी पाच फुटी आहे.