ऐतिहासिक कादंबरीकारास आलेली वाचकांची पत्रे : एक दुर्लक्षित अभ्याससाधन
(मुंबईतील वाचनव्यवहाराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

मराठी ऐतिहासिक कादंबरीचा अभ्यास आजवर प्रामुख्याने लेखक, कलाकृती आणि इतिहासाशी असलेली तिची निष्ठा या तीन अंगांनी झाला आहे. या कादंबरीला खरे सामर्थ्य देणारा वाचक मात्र समीक्षेत क्वचितच बोलताना दिसतो. तो बोलला आहे, परंतु बहुधा लेखकाला पाठविलेल्या खाजगी पत्रांतून. प्रस्तुत लेखात या पत्रव्यवहाराचे स्वरूप, त्याचे अभ्यासमूल्य आणि त्याच्या जतनाची निकड स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

पत्रव्यवहाराची पार्श्वभूमी

हिंदुस्थानात १८७९ मध्ये पाव आण्याचे पोस्टकार्ड सुरू झाले आणि सामान्य माणसाला अपरिचित व्यक्तीस पत्र लिहिणे परवडू लागले. पुढे १८९० मध्ये हरि नारायण आपटे यांनी पुण्यात ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढले व ‘उषःकाल’सारख्या कादंबऱ्या त्यातून क्रमशः प्रसिद्ध केल्या. क्रमशः प्रकाशनात दोन अंकांमध्ये आठवड्याचे अंतर पडे. कथा अपुरी असतानाच वाचकाला काही म्हणावेसे वाटण्यास त्यामुळे अवकाश मिळाला.

मुंबईत याच काळात वाचनसंस्थांचे जाळे विस्तारत होते. काशीनाथ रघुनाथ मित्र यांचे ‘मनोरंजन’ मासिक १८९५ मध्ये सुरू झाले, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ मध्ये स्थापन झाले, तर गिरगावात १९३५ मध्ये मुंबई मराठी साहित्य संघ उभा राहिला. गिरगावातील नोकरदार, दादरचा मध्यमवर्ग आणि परळ-लालबाग परिसरातील गिरणी कामगार यांचे जीवन एकमेकांहून भिन्न होते. तथापि शिवकाल आणि पेशवाई हे तिघांनाही आपले वाटणारे विषय होते. म्हणूनच सामाजिक कादंबरीच्या तुलनेत ऐतिहासिक कादंबरीचा वाचकवर्ग अधिक मिश्र राहिला.

या संदर्भात नाथमाधव, म्हणजेच द्वारकानाथ माधव पितळे (१८८२–१९२८), यांचे उदाहरण लक्षणीय आहे. मुंबईत जन्मलेला हा लेखक १९०५ मध्ये सिंहगडावरून पडला आणि त्याचे पाय कायमचे निकामी झाले. रुग्णालयातील दीर्घ मुक्कामात त्याने वाचन केले व पुढे लेखनालाच वाहून घेतले. स्वराज्यविषयक कादंबरीमालेने त्यांना मोठी लोकप्रियता मिळवून दिली. हिंडण्याफिरण्यावर अशी मर्यादा आलेल्या लेखकास वाचकाचे पत्र केवळ कौतुकाचे साधन राहिले नसेल, तर बाहेरच्या जगाशी जोडणारा तो एक दुवाही ठरला असेल, असे अनुमान करण्यास जागा आहे.

पत्रांचे स्वरूप

अशा पत्रांचे स्थूलमानाने तीन प्रकार संभवतात. पहिला प्रकार भावनिक प्रतिसादाचा. रणजित देसाई यांच्या ‘स्वामी’ (१९६२) या कादंबरीतील माधवराव पेशव्यांचा अंत वाचून हेलावलेला वाचक जे लिहील, ते या प्रकारात मोडते. दुसरा प्रकार पूरक माहितीचा. आपल्या घराण्यातील दफ्तर, गावातील दंतकथा किंवा एखाद्या गडाची वाट लेखकाला कळविणारा वाचक येथे माहितगाराच्या भूमिकेत असतो. तिसरा प्रकार शंकेचा व आक्षेपाचा. “हे खरोखरच असे घडले काय?” हा त्यातील मूळ प्रश्न होय.

हा प्रश्न वरकरणी भाबडा वाटतो, परंतु तो महत्त्वाचा आहे. ‘गड आला पण सिंह गेला’ या हरिभाऊंच्या कादंबरीचेच उदाहरण घेऊ. तानाजी मालुसरे १६७० मध्ये पडल्यानंतर कोंढाण्याचे नाव ‘सिंहगड’ झाले, अशी समजूत रूढ आहे. प्रत्यक्षात १६६३ मधील पत्रातही ‘सिंहगड’ हे नाव आढळते. ही विसंगती ध्यानात आलेल्या वाचकाने लेखकाला पत्र धाडले, तर त्यात केवळ एका तपशिलाची दुरुस्ती नसते. कादंबरीने आपल्याला इतिहास दिला की इतिहासाची ओढ दिली, याची ती विचारणा असते. वाचक कादंबरीकाराला साक्षीदार मानतो, तर कादंबरीकार स्वतःला निर्माता मानतो. या दोन भूमिकांमधील ताण सर्वाधिक स्पष्टपणे अशा पत्रांतच उमटतो.

पत्राचे वाङ्मयीन फलित

चोखंदळ वाचकाचे पत्र किती मोलाचे ठरू शकते, याचा पुरावा मराठीत उपलब्ध आहे. ‘श्रीमान योगी’ला लाभलेली नरहर कुरुंदकर यांची प्रस्तावना पत्ररूप आहे. शिवाजी महाराजांचे मोठेपण केवळ लढाया जिंकण्यात वा राज्य स्थापन करण्यात नाही. त्यांच्या पश्चात औरंगजेबाच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १७०७ पर्यंत, सामान्य रयत लढत राहिली, यात ते शोधले पाहिजे, अशी मांडणी कुरुंदकरांनी केली. कादंबरीकाराशी मतभेद राखूनही त्याच्याविषयी आदर बाळगता येतो, हे या लेखनातून दिसते. कुरुंदकर हे अर्थातच असामान्य वाचक होते. परंतु त्यांनी हाताळलेले माध्यम कोणाही सामान्य वाचकाच्या हाती असलेलेच होते.

याउलट आनंद यादव यांच्या ‘संतसूर्य तुकाराम’ या कादंबरीबाबत घडले. आक्षेप जाहीर आंदोलनाच्या रूपाने पुढे आले, कादंबरी मागे घेण्यात आली आणि नियोजित अध्यक्ष असलेल्या यादवांनी राजीनामा दिल्यामुळे २००९ चे महाबळेश्वर येथील साहित्य संमेलन अध्यक्षाविना पार पडले. आक्षेप योग्य की अयोग्य, हा येथे विषय नाही. पत्रात आक्षेप घेणाऱ्याला उत्तराची अपेक्षा असते, आंदोलनात माघारीची असते. हा भेद लक्षात घ्यावयाचा आहे. पत्रामुळे लेखकाला समर्थन करण्यास, चूक मान्य करण्यास किंवा पुढील आवृत्तीत दुरुस्ती करण्यास अवधी मिळतो.

जतनाचा प्रश्न

आज गिरगाव, दादर, लालबाग येथील जुन्या चाळी व वाडे पुनर्विकासात जात आहेत. घर रिकामे करताना पुस्तके कोणी तरी ठेवून घेतो, पत्रांचे गठ्ठे मात्र रद्दीत जातात. लेखकाचे हस्तलिखित मौल्यवान मानणारे कुटुंबीयही अनोळखी वाचकांची पत्रे निरुपयोगी समजतात. ही पत्रे नष्ट झाल्यास मराठी वाचकाचा इतिहास केवळ आवृत्त्यांच्या संख्येवरून लिहावा लागेल.

महाविद्यालयीन मराठी व इतिहास विभागांना या बाबतीत संयुक्तपणे काम करता येईल. पत्रासोबत पाकीटही जपावे, कारण टपालाच्या शिक्क्यावरून स्थळ व काळ निश्चित होतो. नोंद करताना दिनांक, स्थळ, उल्लेखिलेली कादंबरी व तिची आवृत्ती, पत्राचा प्रकार आणि लेखकाने उत्तर दिले असल्यास त्याचा तपशील घ्यावा. पत्राचा कागद प्राप्तकर्त्याच्या मालकीचा असला तरी मजकुराचा स्वामित्वहक्क लिहिणाऱ्याकडे राहतो. त्यामुळे प्रकाशनापूर्वी त्याची अथवा वारसांची संमती आवश्यक ठरते. अभ्यासात वाचकांची नावे गाळणे केव्हाही श्रेयस्कर.

निष्कर्ष

ऐतिहासिक कादंबरी समाजाची इतिहासदृष्टी घडविते, असे आपण वर्गात वारंवार सांगतो. ती नेमकी कशी घडविते, याचे उत्तर कादंबरीच्या संहितेत पूर्णपणे सापडत नाही. परळच्या एखाद्या कामगाराने किंवा गिरगावातील एखाद्या गृहिणीने पोस्टकार्डाच्या अपुऱ्या जागेत विचारलेल्या प्रश्नात त्याचा काही अंश असू शकतो. तो प्रश्न वाचण्याची संधी आपल्या हातून निसटत आहे. पत्रे घरात आहेत आणि ती ओळखणारी माणसे हयात आहेत, तोवरच हे संकलन शक्य आहे.