ताजमहाल: कोवळं ऊन आणि जाणती नजर
आग्र्याचा ताजमहाल सूर्योदयाच्या अर्धा तास आधी उघडतो. शुक्रवारी बंद असतो. मकराण्याच्या संगमरवरावर कोवळं ऊन चढताना पाहायला स्वतंत्र गाइड कशाला, हा आक्षेप वरवर रास्त वाटतो. पण उजेड फक्त रूप दाखवतो, रचना नाही. चारही मिनार किंचित बाहेर कललेले आहेत, हे कुणी दाखवल्याशिवाय सहसा ध्यानात येत नाही. गाइड दंतकथाच रंगवतात, ही तक्रारही खोटी नाही. म्हणूनच परवानाधारक गाइड घ्यावा आणि त्याला पुरावा विचारावा. उदाहरणार्थ, यमुनेपलीकडच्या मेहताब बागेत १९९०च्या दशकात झालेल्या उत्खननात दंतकथेतल्या दुसऱ्या, ‘काळ्या ताज’चा पाया नव्हे, तर अष्टकोनी हौद सापडला. दंतकथेसोबत तिचं खंडनही सांगणाऱ्या गाइडला दिलेले पैसे वाया जात नाहीत.