आधी कोणाला ऐकू आलं?

दोस्तांनो, आधी एक कोडं. समजा, साल 1927. मुंबईच्या रेडिओ स्टुडिओत एक गवई गातोय. त्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर मायक्रोफोन आहे आणि एक मीटरवर तबलजी बसलाय. तिकडे 32 किलोमीटर दूर ठाण्यात एक मुलगी कानाला हेडफोन लावून तेच गाणं ऐकतेय. गवय्याचा ‘सा’ आधी कोणाच्या कानात शिरेल?

तबलजीच्या? चूक! ठाण्याच्या मुलीच्या!

हिशेब करून बघा. आवाज हवेतून सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. रेडिओलहर जाते सेकंदाला तब्बल 3 लाख किलोमीटर, म्हणजे प्रकाशाच्याच वेगाने. मुंबईहून ठाणं गाठायला तिला जेमतेम एक दशसहस्रांश सेकंद लागतो. तेवढ्या वेळात हवेतला आवाज सरकतो साडेतीन सेंटिमीटर! गवई ते मायक्रोफोन हे वीतभर अंतर आवाज आपल्या चालीनेच कापतो, पण तो वेळ धरला तरी ठाणंच जिंकतं.

ही गंमत आपल्याकडे घरोघरी पोचायची सुरुवात झाली ती 1927 मध्येच. 23 जुलैला मुंबईत व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते ‘इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी’चं केंद्र सुरू झालं. साधारण महिन्याभराने, 26 ऑगस्टला, कलकत्त्याचंही. म्हणून तर 23 जुलै हा आपला राष्ट्रीय प्रसारण दिन! त्याआधी प्रयोग झाले होते. 1921 मध्ये मुंबईहून पाठवलेलं संगीत गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी पुण्यात बसून ऐकलं होतं. पण रोज, ठरल्या वेळी आणि सगळ्यांसाठी कार्यक्रम ही गोष्टच वेगळी.

आता खरी जादू. गवय्याचा आवाज लहरीवर चढतो कसा? मायक्रोफोन आवाजाच्या थरथरीचं विजेच्या थरथरीत रूपांतर करतो. इकडे प्रक्षेपक सेकंदाला लाखो वेळा हेलकावणारी एक जोरदार लहर तयार करत असतो. आवाज तिच्या पाठकुळी बसतो. गवय्याने आवाज चढवला की लहरीचा जोर जास्त कमी-जास्त होतो, हळू गायला की कमी. ही लहर उंच तारेवरून चहूकडे सुटते. मुंबईचा प्रक्षेपक होता फक्त दीड किलोवॉटचा. आज घरातला पाणी तापवायचा गीझरसुद्धा बहुतेक वेळा त्याहून जास्त वीज खातो! त्यामुळे कार्यक्रम खात्रीने ऐकू यायचा तो जेमतेम 48 किलोमीटरपर्यंत.

आणि ऐकायचा कशावर? सगळ्यांत स्वस्त यंत्र होतं क्रिस्टल सेट. त्यात बॅटरी नाही, वीज नाही! बाहेर एक लांब तार टांगायची. आत तारेचं वेटोळं, कानाला हेडफोन आणि गॅलेना नावाच्या शिशाच्या खनिजाचा एक चकचकीत खडा. एका बारीक तारेचं टोक त्या खड्यावर इथे टेकव, तिथे टेकव असं करत बसायचं. नेमकी जागा सापडली की कानात गाणं सुरू! नेमक्या जागी हा खडा विजेला एकाच दिशेने जाऊ देतो. त्यामुळे लहरीचे लाखो हेलकावे मागे पडतात आणि हेडफोनला उरतो तो गवय्याचा आवाज. मग हेडफोन चालवायला ताकद कुठून येते? थेट त्या लहरीतूनच! मुंबईच्या प्रक्षेपकाने हवेत सोडलेल्या ऊर्जेचा अगदी इवलासा अंश ठाण्यातल्या तारेत उतरतो आणि तेवढ्यावर हेडफोनचा पडदा थरथरतो.

हे ऐकायलाही परवाना लागायचा बरं का, वर्षाला 10 रुपये! त्या काळी ही रक्कम मोठी होती. 1927 संपताना अख्ख्या देशात परवाने होते सुमारे साडेतीन हजार. एवढ्याशा श्रोत्यांवर कंपनीचा खर्च भागेना आणि 1930 मध्ये ती बंद पडली. पण लोकांना रेडिओ हवा होता. सरकारने केंद्रं हातात घेतली आणि 1936 मध्ये त्या सेवेला ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव मिळालं.

आता तुमची पाळी. घरात मीडियम वेव्हचा जुना रेडिओ असेल, तर दुपारी कोणकोणती स्टेशनं लागतात ते वहीत लिहा. रात्री नऊनंतर पुन्हा शोधा. दिवसा सूर्यकिरणांमुळे आकाशात उंचावर विजेचा भार असलेला एक थर तयार होतो आणि तो वर गेलेल्या मीडियम वेव्हच्या लहरी गिळून टाकतो. सूर्य मावळला की तो विरतो. मग लहरी त्याच्याही वरच्या थरावर आपटून शेकडो किलोमीटर दूर जमिनीवर परततात. खरखर फार झाली, तर जवळचे चार्जर आणि एलईडी दिवे बंद करा. दुपारी नसलेलं स्टेशन रात्री सापडलं, तर ते गाव नकाशात शोधून अंतर मोजा आणि आम्हाला नक्की कळवा!