दर्यावरचा संप

नांदेड-लातूरच्या माणसांना समुद्राचे काय, असे कोणी विचारील. पण मांजरा धरण आटून २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून आगगाडीने लातूरला पाणी आणावे लागले, तेव्हा सामाईक साठा संपणे म्हणजे काय, हे आम्हांस कळले. कोळ्यांना ते पूर्वीपासून ठाऊक आहे. पावसाळा लागला की ते होड्या किनाऱ्यावर ओढतात, आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहून पुन्हा दर्यावर जातात. दर्या खवळलेला असतो हे तर खरेच; शिवाय पुष्कळ जातींची मासळी याच दिवसांत अंडी घालते.

आम्ही कामगार संघटनेतली माणसे. आम्हांस यात संप दिसतो. एक जण जरी गुपचूप आत गेला, तरी थांबलेल्यांचा घास त्याच्या पदरात पडतो. १९८१ च्या राज्य अधिनियमाने बंदीला कायद्याचे बळ दिले. पण बंदी उठल्यावर पर्ससीन जाळ्याची मोठी नौका अख्खा थवाच वेढून उचलते. मग लहान होडीने थांबून काय मिळविले? २०१६ च्याच फेब्रुवारीत सरकारने या जाळ्यांवर निर्बंध घातले. तरी रात्री कोण निघाले, हे गस्तीवाल्यांच्या आधी शेजारच्या होडीला कळते. म्हणून नियम करताना आणि दंड ठरविताना गावच्या मच्छीमार सोसायटीला बैठकीत जागा हवी, असे आमचे म्हणणे आहे.