भिंतीएवढा टीव्ही, दहा बाय दहाची खोली

२०२५ च्या दिवाळीत आंबेगाव तालुक्यात बहिणीकडे गेलो होतो. भाचा चाकणला कंपनीत कामाला आहे. जेवणे झाल्यावर त्याने खिशातून टेप काढला आणि समोरची भिंत मोजायला घेतली. "मामा, शंभर इंची बसंल ना हितं?" जीएसटी कमी झालाय, दुकानदार बिनव्याजी हप्ते करून देतो म्हणतोय, कंपनीतल्या एका पोराने घेतलाय, असे सगळे त्याने एका दमात सांगितले. त्या भिंतीवर वर तथागतांचा आणि बाबासाहेबांचा फोटो आहे. खाली लाकडी टेबल आहे. त्यावर बारावीला असलेल्या भाचीची पुस्तके. टेप त्या टेबलावरून पलीकडे गेला. भाची काही बोलली नाही. तिने वही उचलून मांडीवर घेतली.

प्रश्न एका घराचा नाही. जुन्नर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव, कुठल्याही बाजारपेठेत जा, दुकानाच्या काचेमागे दाराएवढे टीव्ही उभे आहेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. कर उतरला हे चांगलेच झाले. पण आपल्या वस्तीतल्या घरात एवढा मोठा टीव्ही शोभतो का, पेलतो का, आणि त्यातून आपल्याला मिळते काय, याचा हिशेब कोणी करीत नाही. तो आपणच केला पाहिजे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. मोठ्या टीव्हीची हौस ही नुसती चैन आहे असे आम्ही मानत नाही. आमच्या लहानपणी गावात एकाच वाड्यात टीव्ही होता. १९८७ साली रविवारी सकाळी रामायण लागले की गावातली पोरे ओसरीवर आणि आम्ही वस्तीतली पोरे अंगणात, खिडकीचे गज धरून उभे. घरमालकाने खिडकी लोटून घेतली की आमच्यापुरती मालिका संपली. ज्याने असा टीव्ही पाहिला आहे, त्याच्या पोराला आज दुकानातला सर्वात मोठा टीव्ही घ्यावासा वाटतो, यात आश्चर्य काय? त्या खिडकीचे उत्तर तो हप्त्याने विकत घेतो आहे.

म्हणून कोणी उठून आमच्या पोरांना साध्या राहणीचे डोस पाजू लागला, तर ते आम्ही ऐकून घेणार नाही. गरिबाने गरिबीतच गोडी मानावी हे तत्त्वज्ञान बाबासाहेबांनी कधीच फेटाळून लावले आहे. १९२७ साली महाडला त्यांनी आपल्या आयाबहिणींना अस्पृश्यतेची खूण सांगणारी लुगडी आणि दागिने टाकून द्या, स्वच्छ राहा, असे सांगितले. १९४५ च्या काँग्रेस आणि गांधींवरील ग्रंथात तर त्यांनी यंत्राची बाजू घेतली. माणसाला जनावरासारखे राबण्यातून सोडवायचे असेल, त्याला फुरसत आणि संस्कृती मिळवून द्यायची असेल, तर यंत्र हवे, असा त्यांचा युक्तिवाद होता. टीव्ही हे यंत्रच आहे. त्याला आमचा विरोध नाही. प्रश्न एवढाच की हे यंत्र आपली फुरसत वाढवते की खाऊन टाकते?

आता मापे घेऊ. शंभर इंच म्हणजे टीव्हीचा कर्ण, एका कोपऱ्यापासून तिरप्या कोपऱ्यापर्यंत. असा टीव्ही सव्वासात फूट रुंद आणि चार फुटांहून जास्त उंच असतो. पन्नास इंचीच्या तो दुप्पट नव्हे, क्षेत्रफळाने चौपट असतो. केंद्राच्या ग्रामीण आवास योजनेत घर किमान २६९ चौरस फुटांचे, तेही स्वयंपाकाची जागा धरून. त्यात बाहेरची खोली दहा बाय दहाची निघाली तरी पुष्कळ. दहा फुटांच्या भिंतीवर सव्वासात फुटांचा टीव्ही लावल्यावर दार कुठे उघडणार, मांडणी कुठे ठेवणार आणि बाबासाहेबांचा फोटो कुठे हलवणार?

बरे, जागा काढली असे समजू. चित्र तरी चांगले दिसेल का? टीव्हीच्या तंत्रात याचा एक साधा ठोकताळा आहे. साध्या दर्जाचे प्रसारण चित्राच्या उंचीच्या सुमारे सहापट अंतरावरून पाहावे, एचडी तिपटीवरून, फोरके दीडपटीवरून. शंभर इंचीला हे लावले तर साध्या चॅनेलसाठी चोवीस फूट, एचडीसाठी बारा फूट आणि फोरकेसाठी सहा फूट अंतर येते. आपली खोली दहा फुटांची, आणि आपल्याकडे घरोघरी दिसते काय? बिनपैशांच्या डीडी फ्री डिशवरची बहुतेक चॅनेल साध्या दर्जाची आहेत. अशा चित्रात ७२० गुणिले ५७६ म्हणजे ४ लाख १४ हजार ७२० ठिपके. फोरकेच्या पडद्यावर जागा ३८४० गुणिले २१६० म्हणजे ८२ लाख ९४ हजार ४०० ठिपक्यांची. बरोबर वीसपट! एका माणसाची भाकरी वीस जणांत वाटावी तसा प्रसारणातला एक ठिपका वीस ठिपक्यांवर पसरतो. मग निवेदकाचा चेहरा पाण्यात भिजल्यासारखा दिसतो आणि आपण दुकानदाराला शिव्या देतो. दुकानात दाखवलेले चित्र खास फोरकेचे असते, हे आपल्या लक्षात येत नाही. तसे चित्र घरी पाहायचे तर सेकंदाला १५ ते २५ मेगाबिटचे इंटरनेट दर महिन्याला विकत घ्यावे लागते. जिथे फोन लावायला माळावर जावे लागते, तिथे ते कुठून आणणार?

याच ठोकताळ्याने ४३ इंची टीव्ही मोजा. साध्या चॅनेलसाठी साडेदहा फूट, एचडीसाठी सव्वापाच फूट. म्हणजे आपल्या दहा फुटांच्या खोलीला तो जणू मापून शिवला आहे.

मोठेपणाला काम असेल तर मोठेपण जरूर हवे. आपल्याच जुन्नर तालुक्यात खोडदला जीएमआरटी दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. आकाशातून येणारे अतिशय क्षीण संदेश गोळा करायचे तर तबकडी मोठी लागते. जेवढी मोठी, तेवढे जास्त हाती लागते. टीव्हीचे तसे नाही. पडदा मोठा केला म्हणून बातमी जास्त खरी होत नाही की मालिकेतली सासू शहाणी होत नाही.

आता पैशाकडे येऊ. शंभर इंचीची किंमत आज दीड-दोन लाखांच्या घरात आहे. त्याच आवास योजनेत सपाट भागातल्या घरासाठी ठरलेले मूळ अनुदान १ लाख २० हजार. घराच्या अनुदानापेक्षा भिंतीवरचा टीव्ही महाग! ७५ इंचीवर समाधान मानून ९० हजारांचा घेतला तरी अठरा महिने दर महिन्याला पाच हजारांचा हप्ता. आणि तो बिनव्याजी हप्ता? शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावले आहे. रोखीने घेणाऱ्याला मिळणारी सूट हप्तेवाल्याला मिळत नाही, वर प्रोसेसिंगचे पैसे कापले जातात. व्याज तिथेच दडलेले असते. कंपनीत कंत्राटी असलेल्या पोराचे काम सुटले की हप्ता थांबत नाही, वसुलीवाला दारात येतो. विजेचेही तसेच. टीव्हीच्या मागे वॅट लिहिलेले असतात, ते आधी वाचावेत. ३०० वॅटचा टीव्ही रोज पाच तास चालला की महिन्याला ४५ युनिट जातात. महावितरणचा पहिल्या १०० युनिटांचा दर वेगळा आणि त्यापुढचा चढा, हे बिल भरणाऱ्या बाईला चांगले ठाऊक असते.

पण आमच्या मते सर्वात मोठा खर्च पैशाचा नाही. एका खोलीच्या घरात टीव्ही कुठेही लावला तरी तो सगळ्यांसाठी लागतो. ज्याला पाहायचे नाही त्यालाही पाहावे लागते. लहान टीव्ही असला तर त्याच्याकडे पाठ करून बसता येते. सव्वासात फुटांच्या उजेडाकडे पाठ करून कुठे बसणार? समोरच्या भिंतीवरही त्याचाच उजेड हलत असतो. मग परीक्षेच्या वर्षातली मुलगी वही घेऊन चुलीपाशी जाते किंवा ओट्यावर बसते. आणि आपल्या भागात रात्री ओट्यावर बसायची सोय राहिलेली नाही. जुन्नर, आंबेगावच्या उसाच्या पट्ट्यात बिबट्याच्या भीतीने दिवस मावळला की दारे लागतात. लेकरे बाहेर खेळू शकत नाहीत, म्हणून टीव्ही हवा, असे आयाबाया सांगतात. त्यांचे म्हणणे खोटे नाही. पण त्याच बंद दाराच्या आत पोरीने अभ्यासही करायचा आहे. दार बंद आणि भिंत टीव्हीने व्यापलेली, मग तिला जागा कोणती? बाबासाहेबांनी दादरला राजगृह बांधले ते ग्रंथांना जागा हवी म्हणून. त्या माणसाच्या लेकींच्या घरात टेबल हटवून टीव्ही बसणार असेल, तर आपण कोणत्या दिशेने चाललो आहोत?

यावर तोडगा काय? तो आपल्या डोळ्यांसमोरच्या डोंगरात कोरून ठेवलेला आहे. लेण्याद्रीचे सात क्रमांकाचे लेणे सर्वांनी पाहिले असेल. आज ते गणपतीचे ठिकाण म्हणून ओळखले जाते, पण मुळात तो बौद्ध भिक्खूंचा विहार. मधले दालन सुमारे ५७ फूट लांब आणि ५१ फूट रुंद, मध्ये एकही खांब नाही. त्याच्या तीन बाजूंना २० लहान खोल्या. एकट्याने बसून चिंतन करायला लहान खोली, सर्वांनी मिळून ऐकायला मोठे दालन. ही लेणी कोणा एका राजाच्या खजिन्यातूनच झाली असेही नाही. जुन्नरच्या शिलालेखांत धान्याचे व्यापारी, कासार, बांबूकाम करणारे यांच्या श्रेणींनी दिलेल्या दानांची नोंद आहे. कष्टकऱ्यांनी आणि व्यापाऱ्यांनी एकत्र येऊन मोठे बांधले ते सर्वांसाठी. आपण आज उलटे करतो. घराघरात मोठे, आणि वस्तीच्या विहारात चाळीस वॅटचा दिवा!

मोठा पडदा जरूर घ्या, पण तो विहारात, समाजमंदिरात लावा. चोवीस फूट अंतर तिथे मिळते. चाळीस घरांच्या वस्तीने घरटी अडीच हजार काढले तर एक लाख जमतात. तेवढ्यात चांगला ७५ इंची टीव्ही येतो. त्यावर जब्बार पटेलांचा २००० सालचा बाबासाहेबांवरील चित्रपट लावा. संविधान कसे घडले यावरची श्याम बेनेगलांची २०१४ ची मालिका लावा. स्पर्धा परीक्षांची व्याख्याने लावा. २०१९ मध्ये महामानवाची गौरवगाथा ही मालिका सुरू झाली तेव्हा वस्त्यांमधून लोक ती एकत्र बसून पाहत होते. कोणाचा टीव्ही किती इंची, हे तेव्हा कोणी विचारले नाही.

विहारातल्या टीव्हीचे काय होते, हेही आम्हाला माहीत आहे. किल्ली एकाच पुढाऱ्याच्या खिशात राहते, क्रिकेटचे सामने तेवढे लागतात आणि बिघडला की दुरुस्तीला पैसे नसतात. म्हणून आधी नियम ठरवा. किल्ली महिला मंडळाकडे द्या. वेळापत्रक फळ्यावर लिहा. दुरुस्तीसाठी घरटी महिन्याला दहा रुपये बाजूला काढा. परीक्षेच्या काळात संध्याकाळी टीव्ही बंद आणि तेच दालन अभ्यासिका. एवढे जमत नसेल तर टीव्ही नका घेऊ, आधी दिवे लावा.

भाच्याला मी हे सगळे सांगितले. तो लगेच पटला असे म्हणणार नाही. "मामा, तुमच्या वेळची खिडकी तुमाला अजून आठवती, मग आमाला का अडवता?" असे त्याने विचारले. मी म्हणालो, "खिडकीबाहेर उभा होतो म्हणूनच सांगतो. आज तुझ्या घरात कोण बाहेर उभे राहणार आहे ते बघ." त्याने टेबलाकडे पाहिले. पुढच्या महिन्यात त्याने ४३ इंची घेतला आणि बाजूच्या भिंतीला लावला. उरलेल्या पैशात बहिणीसाठी टेबलावरचा दिवा आणि खुर्ची आली. बाबासाहेबांचा फोटो जागेवर आहे. विहारातल्या टीव्हीसाठी वर्गणी काढायची म्हणून तो आता वस्तीतल्या पोरांशी बोलतो आहे. ती जमेल की नाही, ते वस्तीवर अवलंबून आहे.

समाजबांधवांनो, टीव्ही घेण्यापूर्वी भिंत जरूर मोजा. पण त्या भिंतीपाशी आज कोण बसते, तेही एकदा पाहून घ्या.